रंगवलेल्या लाकडी जहाजाच्या सांध्यांवर वारंवार उमटणाऱ्या भेगा : तपासणीचा क्रम आणि उपाय

किटमधून, म्हणजे तयार सुट्या भागांच्या संचातून, उभारलेल्या शिडाच्या लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचे कवच घासून, अस्तर देऊन, रंगवून पूर्ण होते. पुढचे काही आठवडे ते निर्दोष दिसते, आणि मग एखाद्या दिवशी तिरप्या प्रकाशात पट्ट्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या बारीक रेषा दिसू लागतात. पुट्टी भरून, घासून रंगाचा आणखी एक हात दिला की त्या नाहीशा होतात. परंतु हवा बदलली की बहुधा त्याच जागी परत येतात. हा दोष मी माझ्या आणि इतरांनी दुरुस्तीसाठी आणलेल्या अनेक प्रतिकृतींवर हाताळला आहे, आणि त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगता येते: बहुतेक वेळा हालचाल लाकडात असते आणि रंग ती फक्त दाखवतो. म्हणून ती हालचाल कोठून येते हे कळण्यापूर्वी भरलेली पुट्टी टिकत नाही.

पुढील विवेचन प्लायवुडच्या कील-बल्कहेड सांगाड्यावर (कील म्हणजे तळाचा लांब कणा, बल्कहेड म्हणजे त्यावर उभ्या बसवलेल्या आडव्या फळ्या) पातळ पट्ट्या एका किंवा दोन थरांत चिकटवून तयार होणाऱ्या कवचाविषयी आहे, कारण आजची बहुसंख्य किटे याच पद्धतीची असतात. अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या कवचाचे वागणे वेगळे असते.

लक्षणे

भेग दिसली की लगेच पुट्टीचा डबा उघडू नये. आधी तिची दिशा, जागा आणि कडा पाहाव्यात, कारण वेगवेगळी कारणे वेगवेगळ्या खुणा सोडतात.

- सांध्याच्या बरोबरीने धावणारी लांब, सरळ, बारीक रेष, जी कोरड्या हवेत रुंदावते आणि दमट हवेत जवळजवळ मिटते. हे पट्ट्यांच्या आक्रसण्याचे लक्षण आहे.
- दोन पट्ट्यांमध्ये बोटाला लागणारी पायरी, म्हणजे एका पट्टीची कड वर आलेली आणि शेजारची खाली राहिलेली. येथे पट्टी बसवताना तिच्यावर जबरदस्ती झालेली असते.
- केवळ नाळेजवळ (जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ) किंवा पिछाडीला, पट्टी जिथे कीलच्या खाचेत संपते तिथे पडलेली आडवी चीर. पट्टीचे टोक सुटू लागले आहे.
- कवचावर ठरावीक अंतराने दिसणारे उभे उंचवटे आणि त्यांच्यामधले खोलगट भाग. येथे आतले बल्कहेड बाहेर उमटत आहेत.
- सांध्यांशी संबंध नसलेले, पापुद्र्यांसारखे सुटणारे किंवा जाळीदार भेगांनी भरलेले ठिपके. एवढा एकच प्रकार मुख्यतः रंगाचा असतो.

एकाच जहाजावर यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र आढळतात, तेव्हा प्रत्येक जागेची नोंद वेगळी ठेवावी.

पहिली तपासणी : पाहणे, खुणा करणे आणि वाट बघणे

हिला साहित्य लागते ते एक टॉर्च, एक मऊ पेन्सिल आणि हवेतील आर्द्रता दाखवणारे साधे मीटर, आणि तरीही बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. खोलीत अंधार करून टॉर्च कवचाला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे समोरच्या प्रकाशात न दिसणाऱ्या रेषा सावलीने उठून दिसतात. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण करावी, तारीख व आर्द्रता लिहून ठेवावी, आणि हवा एकदा तरी ठळकपणे बदलेपर्यंत काहीही भरू नये.

वाट पाहण्याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतील ओलाव्यानुसार फुगते आणि आक्रसते. मात्र तंतूंच्या दिशेने हा बदल नगण्य असतो आणि आडव्या दिशेने लक्षणीय असतो. किटमधील पट्ट्यांच्या पहिल्या थरासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या बासवुडसारख्या लाकडात, ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत, वाढचक्रांच्या दिशेने सुमारे ९ टक्के आणि त्यांना आडव्या दिशेने सुमारे ६.५ टक्के आकुंचन होते. मध्य अमेरिकी महॉगनीत हेच आकडे साधारण ४ आणि ३ टक्के आहेत. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आली, तर लाकडातील ओलावा साधारण १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत उतरतो. तेवढ्याने बासवुडची ५ मिलिमीटर रुंद पट्टी सुमारे ०.०६ मिलिमीटरने अरुंद होऊ शकते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु कवचाच्या एका बाजूला अशा वीस पट्ट्या असतात आणि त्यांचे एकत्रित आकुंचन मिलिमीटरच्या पुढे जाते. प्लायवुडच्या थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने बल्कहेड त्या प्रमाणात आक्रसत नाही. तो पट्ट्यांना धरून ठेवतो आणि निर्माण झालेला ताण सर्वांत कमकुवत सांध्यातून बाहेर पडतो. वरचा दुसरा थर या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याचेही तंतू पहिल्या थराच्याच दिशेने असतात.

१:६४ या प्रमाणात ०.१ मिलिमीटरची भेग म्हणजे खऱ्या जहाजावरची ६.४ मिलिमीटरची फट होय. डोळ्याला ती खटकते यात नवल नाही. खऱ्या जहाजांच्या सांध्यांत डांबर लावलेले तागासारखे तंतू ठोकून बसवत आणि वरून डांबर ओतत, आणि पाण्यात पट्ट्या फुगल्या की सांधे आणखी घट्ट होत. आपली प्रतिकृती मात्र आयुष्यभर कोरड्यावर उभी असते.

नोंदीतून असे दिसले की भेग आर्द्रतेबरोबर उघडते आणि मिटते, तर कारण निश्चित झाले. आर्द्रता कशीही बदलली तरी ती तेवढीच राहत असेल, तर लाकूड स्थिरावले आहे आणि तिची दुरुस्ती टिकण्याची शक्यता चांगली आहे. ती दर वेळी थोडी अधिक लांब होत असेल, तर पुढच्या तपासण्या अपरिहार्य आहेत.

दुसरी तपासणी : जहाज ठेवण्याची जागा

ऊन थेट पडणारी खिडकी, वातानुकूलन यंत्राचा झोत, हीटर, काचेच्या बंद पेटीतला उष्णता देणारा दिवा यांपैकी काही जवळ आहे का ते पाहावे. भेगा जहाजाच्या एकाच बाजूला असतील तर जागेचा संशय सर्वांत आधी घ्यावा. जहाज आतल्या भिंतीजवळ, आर्द्रता हळूहळू बदलणाऱ्या ठिकाणी हलवून काही आठवडे निरीक्षण करावे. अनेकदा एवढ्यानेच भेगांची वाढ थांबते, आणि जागा न बदलता केलेली कोणतीही दुरुस्ती वाया जाते.

तिसरी तपासणी : टिचकी आणि अंगठा

पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कवचावर नाळेपासून पिछाडीपर्यंत हलक्या टिचक्या माराव्यात. बल्कहेडवर आवाज भरीव येतो आणि दोन बल्कहेडच्या मधे थोडा पोकळ येतो, हे स्वाभाविक आहे. बल्कहेडच्या जागीच पोकळ किंवा फुटका आवाज आला, तर तिथे पट्टी बल्कहेडपासून सुटली आहे. नंतर अंगठ्याने सौम्य दाब देऊन पाहावे. दाबल्यावर भेगेची एक कड खाली जाते आणि सोडल्यावर वर येते, असे दिसल्यास त्या दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्याच नाहीत. पुट्टी सतत वाकणाऱ्या सांध्यात कधीही टिकणार नाही, म्हणून ही तपासणी भरण्याच्या आधी करणे महत्त्वाचे आहे.

चौथी तपासणी : चिकटपट्टी

रंगाचा दोष आहे की नाही हे येथे ठरते. कीलजवळच्या, स्टँडमुळे झाकल्या जाणाऱ्या जागी धारदार ब्लेडने एक-दोन मिलिमीटरच्या अंतराने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून छोटी जाळी करावी, तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवावी आणि सलग ओढून काढावी. चिकटपट्टीच्या मागे काय आले ते भिंगाखाली पाहावे. काहीच आले नाही, तर रंगाला दोष देणे थांबवावे. केवळ वरचा थर आला आणि खाली अस्तर शाबूत राहिले, तर दोन थरांमध्ये धूळ, तेलकट हात किंवा अपुरे वाळणे हे कारण असते. अस्तरासकट सर्व निघून खाली चकचकीत, गुळगुळीत पृष्ठभाग उघडा पडला, तर तो वाळलेल्या गोंदाचा पापुद्रा असण्याची दाट शक्यता आहे. पांढरा पीव्हीए गोंद (लाकूडकामाचा नेहमीचा गोंद) लाकडाची छिद्रे बुजवतो आणि त्यावर रंगाला धरायला जागा मिळत नाही. पुट्टीची पूड चिकटून आली, तर पुट्टी फार जाड भरली गेली किंवा घासल्यानंतरची धूळ पुसली गेली नाही. लाकडाचे तंतू आले, तर रंगाची पकड उत्तम आहे.

याच वेळी रंगाचा प्रकारही ओळखून घ्यावा. कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून झाकलेल्या जागी घासल्यावर ॲक्रिलिक रंग सहसा मऊ पडून काडीला लागतो, तर पूर्ण वाळलेला इनॅमल सहसा तसाच राहतो. इनॅमलला आतून वाळायला बराच वेळ लागतो, आणि तो वाळण्यापूर्वी त्यावर लवकर वाळणारा ॲक्रिलिकचा थर दिला, तर वरचा थर ताणला जाऊन जाळीदार भेगा पडतात. सांध्यांशी न जुळणाऱ्या जाळीचे हे नेहमीचे कारण आहे. तो थर उतरवून खालचा रंग पूर्ण वाळू देणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

पाचवी तपासणी : एक सांधा उघडून पाहणे

येथपर्यंत जहाजाला फारशी इजा झालेली नसते. आता मात्र सर्वांत वाईट भेग निवडून तिच्यावरचा रंग तीन-चार सेंटिमीटरपर्यंत पटाशीसारख्या सपाट ब्लेडने खरवडावा आणि सांध्यात काय आहे ते पाहावे.

जुनी पुट्टी एका कडेला चिकटून दुसऱ्या कडेपासून सुटली असेल, तर सांधा हलतो आहे. सांध्यात गोंदाचा मागमूस नसेल, तर पट्ट्या फक्त बल्कहेडला चिकटवल्या गेल्या होत्या आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे आक्रसते आहे. भेगा अनेक सांध्यांवर सारख्या बारीक असतील तर हेच घडलेले असते. उलट सर्व कडा चिकटलेल्या असून एक-दोनच रुंद भेगा असतील, तर सर्व पट्ट्यांचे आकुंचन त्या एक-दोन जागी गोळा झाले आहे.

यामागचे एक मूळ कारण मला वारंवार आढळते, आणि किटच्या सूचनापत्रकांत त्यावर पुरेसा भर दिलेला नसतो. नाळेच्या वळणासाठी पट्टी पाण्यात भिजवली जाते, आणि ती ओली असतानाच, म्हणजे आडव्या दिशेने फुगलेली असतानाच, गोंद लावून शेजारच्या पट्टीला भिडवली जाते. त्या दिवशी सांधा अगदी बंद दिसतो. पट्टी वाळली की ती आपल्या मूळ रुंदीवर येते आणि फट उघडते. मग ती फट पुट्टीने भरली जाते, आणि कवचाची नाळेकडची बाजू जन्मापासूनच पुट्टीच्या आधाराने उभी राहते. भिजवलेली पट्टी तिच्या जागी टाचण्यांनी किंवा क्लॅम्पने नुसती धरून रात्रभर पूर्ण वाळू द्यावी, तिने वळण धरले की काढावी, आणि कोरडी असतानाच चिकटवावी. माझ्या मते हा एकच नियम पाळल्यास या दोषाची निम्मी प्रकरणे उद्भवणारच नाहीत.

दुरुस्तीसाठी भेग पुट्टीऐवजी लाकडाने भरावी. त्याच लाकडाच्या उरलेल्या पट्टीतून पाचरीसारखी निमुळती, पातळ चीप काढावी, तिला पीव्हीए गोंद लावून सांध्यात हलकेच सरकवावे आणि पूर्ण वाळल्यावर पृष्ठभागाबरोबर घासावे. तंतूंची दिशा पट्टीच्या दिशेशी जुळली पाहिजे, म्हणजे चीप पट्ट्यांबरोबरच फुगते आणि आक्रसते. फार बारीक भेगेत चीप जात नसेल, तर पातळ सुपरग्लू सुईच्या टोकाने सोडावा. तो आपोआप आत ओढला जातो. त्याच्या वाफा डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतात, म्हणून खिडकी उघडी हवी. तो सुती कापडाने किंवा कापसाने कधीही पुसू नये, कारण कापसाशी त्याची अभिक्रिया होऊन भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते.

भरण्याची वेळही निवडावी लागते. हवा सर्वांत कोरडी असताना, भेग सर्वांत रुंद असताना ती गच्च भरली, तर दमट हवेत पट्ट्यांना फुगायला जागा उरत नाही. त्यांच्या कडा चिरडल्या जातात, आणि पुढच्या कोरड्या काळात भेग आधीपेक्षा मोठी होऊन परत येते. म्हणून पहिल्या तपासणीतील नोंदी काढून भेग मध्यम रुंदीची असते तेव्हाच भरावी.

सहावी तपासणी : पायऱ्या आणि सुटलेली टोके

पातळ पट्टी जाडीच्या दिशेने सहज वाकते, रुंदीच्या दिशेने वाकत नाही. नाळेकडे कवचाचा घेर कमी होत जातो, त्यामुळे तिथे पट्ट्या निमुळत्या कराव्या लागतात. तसे न करता त्यांना बाजूने ओढून बसवले, तर प्रत्येक पट्टी पिळली जाते आणि तिची एक कड वर येते. पट्टी निमुळती करताना मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करू नये, असा प्रतिकृती बांधणाऱ्यांचा संकेत आहे. त्याहून कमी होऊ लागल्यास दोन पट्ट्यांच्या जागी एक बसवावी.

तयार कवचावरची पायरी घासून काढण्यापूर्वी पट्टीची जाडी किती आहे ते आठवावे. एकाच थराचे, दीड-दोन मिलिमीटर जाड लाकूड असेल तर घासता येते. दुसरा थर अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर पायरी जाण्याआधी लाकूडच संपते. अशा वेळी ती पट्टी सोडवणे हाच मार्ग उरतो. पीव्हीएने चिकटवलेली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावून, थोडा वेळ थांबून, पातळ पात्याने हळूहळू उचलता येते. सुपरग्लूसाठी ॲसिटोन लागते, आणि ते आजूबाजूचा रंग व प्लॅस्टिकचे भाग विरघळवते, म्हणून ते मी अगदी शेवटी वापरतो. सुटलेले टोक परत चिकटवताना कीलच्या खाचेतला जुना गोंद पूर्ण खरवडून काढावा. गोंद लाकडाला धरतो, जुन्या वाळलेल्या गोंदाला नीट धरत नाही. टोक ताण न देता खाचेत बसत नसेल, तर आधी ते वळवून घ्यावे. नुसत्या गोंदाच्या जोरावर दाबलेले टोक पुन्हा सुटते.

सातवी तपासणी : सांगाडा

डेकवरील एखादे झाकण काढता येत असेल, तर लहान आरसा आणि टॉर्च आत घालून बल्कहेड कीलला घट्ट आहेत का ते पाहावे. जहाज उलटे धरून कीलच्या रेषेत एका डोळ्याने पाहिल्यास तिचा बाक किंवा पीळ लगेच कळतो. उभे उंचवटे दिसत असतील, तर बल्कहेडमधले अंतर पट्टीच्या जाडीच्या मानाने जास्त होते, किंवा बल्कहेडच्या कडा कवचाच्या वळणानुसार तिरप्या घासल्या गेल्या नव्हत्या. बांधकाम चालू असताना नाळेजवळच्या पोकळीत लाकडी ठोकळे बसवून हे टाळता येते. कवच बंद झाल्यावर खोलगट भाग पातळ थरांनी भरून समतल करणे, एवढेच हाती राहते.

पुन्हा रंगवताना

दुरुस्त केलेला भाग २२० आणि मग ३२० ते ४०० क्रमांकाच्या सॅण्डपेपरने, तंतूंच्या दिशेने घासावा. घासताना मास्क लावावा. पाण्यावर आधारित रंग द्यायचा असेल, तर लाकूड ओलसर फडक्याने एकदा पुसून वाळू द्यावे आणि उठलेले तंतू पुन्हा हलके घासावेत, नाहीतर ते पहिल्या हाताबरोबर उभे राहतात. त्यानंतर लाखेचे पातळ पॉलिश किंवा सॅण्डिंग सीलरचे दोन हात द्यावेत. सीलर ओलाव्याची ये-जा थांबवत नाही, परंतु तिचा वेग कमी करतो, आणि वेग कमी झाला की ताण सर्व पट्ट्यांत समान पसरायला वेळ मिळतो. डेक बसवण्यापूर्वी कवच आतूनही सील करावे, हे पुढच्या बांधणीसाठी आवर्जून लक्षात ठेवावे; बाहेरून सील आणि आतून उघडे असलेले लाकूड दोन्ही बाजूंनी सारखे वागत नाही. अस्तर आणि रंग एका जाड हातात न देता अनेक पातळ हातांत द्यावेत. किटमधील उरलेल्या पट्ट्या प्लायवुडच्या तुकड्यावर चिकटवून, त्यांना हीच प्रक्रिया करून तो तुकडा जहाजाशेजारी ठेवला, तर पुढचा प्रयोग जहाजावर करावा लागत नाही.

कुठे थांबावे

जहाज जुने, वारशाने आलेले किंवा कोणी बांधले हे माहीत नसलेले असेल, तर पहिल्या दोन तपासण्यांनंतर थांबावे. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ते कोरडे घासणे आरोग्यास घातक आहे. शिवाय मूळ रंग एकदा गेला की तो परत आणता येत नाही. लाकडावर बारीक गोल छिद्रे आणि त्यांच्याखाली ताजी भुकटी दिसल्यास किडीचा प्रादुर्भाव समजावा, जहाज इतर लाकडी वस्तूंपासून दूर ठेवावे आणि त्यावर काहीही फवारू नये. कीलला पीळ असेल आणि डोलकाठ्या, दोर, शिडे बसवून झाली असतील, तर पट्ट्या सोडवण्याचा प्रयत्न करू नये. दोरांचा ताण कवचावरही येतो आणि एक जागा सैल केल्याने दुसरीकडे नुकसान होते. या सर्व प्रसंगी संग्रहालयातील वस्तूंचे जतन करणाऱ्या किंवा लाकडी प्रतिकृतींची दुरुस्ती व्यवसाय म्हणून करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे.

त्यांच्याकडे जाताना तिरप्या प्रकाशात काढलेली छायाचित्रे, आर्द्रतेच्या नोंदी, वापरलेल्या गोंदाची, पुट्टीची आणि रंगाची नावे, आणि याआधी कोणत्या जागी काय भरले होते त्याची यादी सोबत न्यावी. जाण्यापूर्वी भेगा भरून किंवा रंगवून ठेवू नयेत, कारण त्यांची उघडी कड पाहूनच तज्ज्ञाला कारण ठरवता येते.